आलुबुखाराच्या बियांतले बदाम

अ‍ॅशबर्नमधल्या आमच्या अमेरिकेतल्या घरामागे जांभळट पानांचं एक झाड आहे. घर घेताना एजंट ‘शोभेचं आहे’ म्हणाली आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवला. दर वसंतात ते फिकट गुलाबी फुलांनी भरायचं, मग उशिराच्या थंडीत मोहोर जळायचा आणि विषय संपायचा. ज्या वर्षी आई पुण्याहून आली, नेमकी त्याच वर्षी थंडी आली नाही. जूनमध्ये फांद्या गोट्यांएवढ्या लाल फळांनी वाकल्या.

मी जात्याच घाबरट. दुधाच्या पिशवीवरची तारीखही दोनदा वाचते. पण मी नको म्हणेपर्यंत आईने फळ चाखून निकाल दिला होता, “अगं, हे तर आलुबुखार!” गूळ घालून केलेली तिची चटणी मीही बोटं चाटून खाल्ली.

दोन दिवसांनी दुपारी मीटिंग संपवून मी खाली आले, तर आई मागच्या डेकवर आलं कुटायचा खलबत्ता घेऊन बसली होती. चटणीच्या बिया धुऊन वाळवल्या होत्या आणि ती त्या एकेक करून फोडत होती. शेजारी माझी पाच वर्षांची लेक हात पसरून बसलेली. क्षणभर मला बरंच वाटलं. आमच्याकडे जर्दाळू आणला की बी टाकायची पद्धत नव्हती. ती फोडून आतला बदाम पोरांना द्यायचा. मीही अशीच हात पसरून बसायचे. कडू लागला तर थुंकून टाक, असं आई दर वेळी बजावायची, पण आमचे जर्दाळू नशीबवान, माझ्या वाट्याला कधी कडू बदाम आलाच नाही.

मग तो वास आला, कडू बदामाचा, उग्र. अशा बियांत विष असतं असं कुठेतरी वाचलेलं आठवलं. लेकीच्या तोंडात बोट घातलं तर ती वैतागली, “मम्मा, स्टॉप इट! आय ऑलरेडी एट इट.”

विषबाधेच्या हेल्पलाइनवरची बाई शांत होती. तिने मुलीचं वजन विचारलं, बिया चावल्या की नुसत्या गिळल्या ते विचारलं आणि मग विचारलं, झाड कोणतं? इतकी वर्षं मी त्याच्या सावलीत खुर्ची टाकून बसत होते आणि मला त्याचं नाव माहीत नव्हतं. स्वतःचा इतका राग आला की रडूच आलं.

शेजारच्या नागपूरच्या काकूंच्या अंगणात तऱ्हेतऱ्हेचे प्लम, म्हणजे आलुबुखार आहेत. फोन कानाला तसाच ठेवून मी कुंपणावरून हाक मारली. काकू आल्या, पण झाड दिसलं की त्यांना घाई नसते. फांदी खाली ओढून म्हणाल्या, “हे बघ, फळं एकेकटी लटकलीत. चेरीसारखे झुबके नाहीत. बाजूला खाच आहे, म्हणजे प्लमच्याच घरातलं.”

“काकू, प्लीज लवकर!”

“थांब गं. डॅमसन जातीचं प्लम असतं तर निळं दिसलं असतं, वर पावडर धरल्यासारखं, आणि ऑगस्ट संपेपर्यंत पिकलं नसतं. त्याची बी पण लांबट असते. ही बघ, गोल आहे. चेरी प्लम आहे हे. गर पोटभर खा, बी मात्र फेकून द्यायची.”

मी फोनवर सांगितलं. बाईने विचारलं, मुलीने किती खाल्ले? मी आईकडे वळले.

“जेमतेम दोन,” आई म्हणाली. “गोड निघाले तेवढेच दिले.”

एवढ्याने बहुधा काही होणार नाही, लक्ष ठेवा, बाई म्हणाली. मी लेकीला इतकं घट्ट धरलं की ती ओरडली. काकूंनी सुस्कारा सोडला. तेवढ्यात माझं लक्ष खलबत्त्याकडे गेलं. शेजारी टरफलांचा ढीग होता आणि बदाम एकही नव्हता.

“आई, बाकीचे कुठे गेले?”

“चाखल्याशिवाय पोरीला कसे देणार? कडू होते ते मीच खाल्ले. वाया कशाला घालवायचे?” मग कपाळ दाबत म्हणाली, “तुझ्या वेळीही असंच करायचे की.”

फोनवरची बाई “हॅलो, हॅलो” करत होती. “आता माझ्या आईबद्दल विचारायचंय,” मी म्हणाले.

तिने लगेच इमर्जन्सीत न्यायला सांगितलं. लेकीला काकूंकडे सोडून मी गाडी काढली. वाटेत आईला एकदा उलटी झाली आणि ती सीट खराब झाली म्हणून हळहळत राहिली. मी दर सिग्नलला तिचा श्वास बघत होते. आत तिच्या बोटाला, छातीला वायरी लावल्या. डॉक्टर येऊन बघून जात होते आणि ती “मला काही झालेलं नाही” हे मराठीतूनच त्यांना समजावत होती. अंधार पडायच्या सुमाराला तिचं डोकं दुखायचं थांबलं. धोका टळला, डॉक्टर म्हणाले, तरी रात्रभर इथेच राहू दे.

नर्सने सफरचंदाचा रस आणून दिला. आईने हात पुढे केला. मी आधी कप माझ्या तोंडाला लावला.

“हे काय गं?” ती म्हणाली.

“गोड आहे,” मी म्हणाले आणि कप तिच्या हातात दिला.