बिनतोंडाच्या बाहुल्या

शिवणवाल्या मावशींना बसल्याबसल्या डुलकी लागायची. मशीनच्या चाकावर एक हात, मांडीवर कापड, आणि मान हळूच खाली. पण झोपेतही त्यांचं काम थांबत नसे. स्वप्नात त्या काजं करत, हुक लावत, आणि जाग आली की अर्धवट झगा बघून स्वतःशीच खुदकन हसत. "आई, झोपेत शिवलेले कपडे कुठल्या कपाटात ठेवता?" असं सून चिडवायची.

त्या वर्षी मात्र रात्रीची झोप उडाली होती, नातीपायी. पोर घरात पोपटासारखी बोलायची आणि शाळेची पायरी चढली की ओठ मिटून घ्यायची. वर्ष सरत आलं तरी बाईंनी तिचा आवाज ऐकला नव्हता. सुट्टी लागेपर्यंत बोलली नाही तर पुन्हा त्याच वर्गात बसवावं लागेल, असं त्यांनी सुनेला सांगितलं. सून त्या दिवशी जेवली नाही. मावशींनी देवापुढे हात जोडले, पण नेमकं काय मागावं ते सुचेना. नुसत्याच उभ्या राहिल्या.

दर शनिवारी विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागातली मुलंमुली गल्लीच्या टोकाला, रिकाम्या गोदामात, मुलांचा वर्ग घ्यायला येत. शिकवायला शिकणारीच ती. त्यांतल्या लांब वेणीच्या ताईला नात चिकटून बसे, पण तिथेही अळीमिळी गुपचिळी. शेवटी ताईने ठरवलं, हातात घालायच्या बाहुल्यांकडून गोष्ट वदवून घ्यायची. बाहुल्या शिवून द्याल का, असं तिने मावशींना विचारलं, आणि मावशींनी चिंध्यांचं बोचकं सोडलं.

मावशींची एक रीत होती. बाहुलीचं तोंड सगळ्यात शेवटी. डोळा चुकला तर बटण बदलता येतं, पण तोंड वाकडं झालं की बाहुली जन्मभर रुसलेली. म्हणून सगळी तोंडं एका बैठकीत, लाल दोऱ्याने, भर उजेडात.

शनिवारी दुपारी त्यांनी बाहुल्या रांगेत मांडल्या, सुई ओवली. उन्हाचा चौकोन मशीनवरून घसरत मांडीवर आला. सुई चालू लागली. एकेक ओठ उमलत गेला. एक बाहुली हसली, एक शीळ घालू लागली, निळीने तर त्यांच्या कानाशी येऊन काहीतरी सांगितलं. ते नीट ऐकावं म्हणून त्या वाकल्या, तेवढ्यात दार वाजलं. ताई आली होती. झापड आलेल्या डोळ्यांनी मावशींनी बाहुल्या पिशवीत भरल्या, नातीचा हात ताईच्या हातात दिला आणि पुन्हा टेकल्या.

पाणी प्यायला उठल्या तेव्हा दिसलं. सुईतला लाल दोरा जसाच्या तसा. रीळ मुठीत धरून, चपला न घालताच त्या निघाल्या.

गोदामाच्या दारातच थबकल्या. आत मुलांचा गलका चालला होता, हिला तोंडच नाही म्हणून. ताई कावरीबावरी झाली होती.

"आता ही बोलणार कशी?" ती म्हणाली.

कोपऱ्यातून नात उठली. निळी बाहुली हातात घालून तिने तिची मान सरळ केली.

"तिला तोंड नाही ना, म्हणून तिचं मी सांगते."

आवाज सुईएवढा बारीक. बाहुलीला शाळेत भीती वाटते, तिने सांगितलं. बाईंचं टेबल फार उंच आहे. आणि बाहुलीची आजी झोपेत शिवते. मुलं हसली. नात थांबली. मग बाहुलीने मान हलवली आणि नात पुढे सांगू लागली.

सोमवारी ताई तिला बाहुलीसकट शाळेत घेऊन गेली. बाई टेबलामागून उठून तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि बाहुलीचं सगळं ऐकून घेतलं. सुट्टीनंतर नात पुढच्या वर्गात गेली.

विभागाला आणखी बाहुल्या हव्यात, अगदी अशाच, असं सांगायला ताई आली, तेव्हा मावशी जरा विचारात पडल्या.

"जागेपणी तोंड काढल्याशिवाय हात राहणार नाही गं माझा," त्या म्हणाल्या. "तू दुपारचीच ये."