वैशालीची ऱ्होडोडेंड्रॉनं आणि माझी आई

वैशालीचे बागेचे फोटो यायला लागले की मी फोन पालथा ठेवते. मे-जूनमध्ये तर रोजच. जांभळी, गुलाबी, पांढरी ऱ्होडोडेंड्रॉनची फुलं आणि खाली ‘या ना एकदा!’ वैशाली माझी कॉलेजची मैत्रीण. कायमचं वर्क फ्रॉम होम मिळाल्यावर मॉरिसव्हिल सोडून ॲशव्हिलच्या पुढे डोंगरात राहायला गेली. मी मात्र इथेच, टाउनहाउसमध्ये. इथे दारासमोरची झुडपंसुद्धा घरमालकांच्या असोसिएशनची, आपली नव्हेत.

यंदा गेले ती आईमुळे. आई नाशिकहून सहा महिन्यांसाठी इकडे परदेशात आली आणि दुसऱ्याच महिन्यात ‘माझं तिकीट अलीकडचं करून दे’ सुरू झालं. देवाला फुलं नाहीत, बोलायला माणूस नाही. एकदा फिरायला गेल्यावर तिने कुणाच्या तरी दारातली फुलं पूजेसाठी तोडली आणि मी भर रस्त्यात रागावले. तेव्हापासून तिने फिरणंच सोडलं. म्हटलं, डोंगर दाखवावा, बाई रमेल आणि जायचा हट्ट सोडेल.

लाँग वीकेंडच्या शनिवारी आम्ही दोघीच निघालो. आय-फॉर्टी हायवेने सरळ पश्चिमेला, साधारण चार तास. विन्स्टन-सेलमपर्यंत ट्रॅफिक फार, आणि ओल्ड फोर्टनंतर चढ लागतो, तिथे ट्रकच्या मागे गुमान राहावं. या दिवसांत हॉटेलं अव्वाच्या सव्वा मागतात, तेव्हा ओळखीचं घर असेल तर उत्तम. रेस्ट एरियात दशम्या आणि दाण्याची चटणी खाल्ली. आईने तिथेही तिकिटाचा विषय काढला.

आणि बाग! आख्ख्या उतारावर डोक्यापेक्षा उंच झुडपं आणि फांदीफांदीच्या टोकाला फुलांचे गेंद. मी “छान आहे गं” म्हटलं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. वैशाली सांगत होती, माती आम्लधर्मी लागते, मुळं अगदी वरवर असतात, पाणी साचू द्यायचं नाही. मी खोट शोधत होते. डास पुष्कळ होते, तेवढंच समाधान.

रविवारी सकाळी उठून बाहेर आले तर आईचा पदर फुलांनी भरलेला. तीही कुठली, तर यंदा पहिल्यांदाच फुललेल्या, वैशालीने आदल्या दिवशी कौतुकाने दाखवलेल्या पिवळसर झाडाची!

“आई! विचारायचं तरी! इथे असं करत नाहीत, किती वेळा सांगू?”

आईचा चेहरा एवढासा झाला. तेवढ्यात वैशाली कॉफीचा मग घेऊन आली.

“अगं, ओरडतेस काय? देवालाच घेतलीत ना! काकू, फक्त नैवेद्याजवळ नका ठेवू हं, विषारी असतात. आणि मग चला, तुम्हाला काम देते. ही सुकलेली आहेत ना, यांचं डेडहेडिंग करायचंय.”

“म्हणजे काय गं?”

“हाताने मोडायची. पण खालचे कोवळे कोंब सांभाळून. पुढच्या वर्षीची फुलं त्यांनाच येतात.”

आईने पदर खोचला. दुपारपर्यंत दोघी झाडांत, बोटं चिकट, आणि आई मोठ्याने हसतेय. माझ्या घरी ती एकदाही तशी हसली नव्हती. मी ओट्याशी उभी राहून पोहे केले आणि खिडकीतून बघत बसले. खरं सांगते, फुलांचा हेवा तिथेच संपला. हा दुसरा होता आणि जास्त झोंबणारा.

सोमवारी सामान गाडीत ठेवताना आई म्हणाली, “मी राहू का थोडे दिवस? वैशालीला मदत होईल.”

“राहा ना काकू, प्लीज! मलाही कंपनी.”

दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, “राहा की. मला काय!” आणि उतरणीवर सगळा राग त्या बिचाऱ्या ट्रकवाल्यांवर काढला.

घरी येऊन आठवडा झाला. तुम्हाला जायचं असेल तर मेअखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात जा, वर डोंगरात तेव्हाच बहर असतो. बूट जुने घाला.

काल आईचा व्हिडिओ कॉल आला. डोक्यावर वैशालीची हॅट, मागे गुलाबी झाड. म्हणाली, “तिकीट आहे तसंच राहू दे गं, जाईन सावकाश.” हेच तर हवं होतं मला. मी “बरं” म्हटलं.

“आणि शनिवारी ये की आमच्याकडे,” आई म्हणाली. “तुझ्यासाठी पुरणपोळी करते.”

जाणार आहे. माझ्या आईकडे, पाहुणी म्हणून.