कोरा फोन आणि अकोल्याची सोयरीक

काही लोकांकडे पैसा जमतो, आमच्याकडे किस्से! मी अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात मेंटेनन्सला आहे. खात्यातून बाहेर पडलं की कपड्यांवर कापसाचे तंतू चिकटलेले असतात, तसे हे किस्सेही अंगाला चिकटूनच घरी येतात. त्यातले निम्मे तरी टेस्टिंग लॅबमधल्या सुमेधचे.

सुमेधला एकच वेड. फोन घ्यायचा, त्यातली कंपनीची ऑपरेटिंग सिस्टीम काढून टाकायची आणि आपल्यावर पाळत न ठेवणारी दुसरी बसवायची. "आपण कुठं गेलो, काय खाल्लं, कोनासंग बोललो, हे कंपनीले काहून सांगाचं?" हे तो इतक्या पोटतिडकीने विचारायचा की आम्ही सगळेच पेटलो! पुढे या वेडापायी त्याचं जुळत आलेलं लग्न मोडायची वेळ आली. पण आधी पहिल्या दिवसाचं ऐका.

*

जेवणाची सुट्टी. लॅबमध्ये लॅपटॉप, केबल आणि सुमेधचा फोन. भोवती आम्ही, डबे तसेच बंद! "केबलले हात नका लावू रे कोनी!" सुमेध ओरडतोय. स्क्रीनवर अक्षरं सरसर पळतायत, मध्येच थांबली की आमचाही श्वास थांबतोय. शेवटी फोन सुरू झाला आणि आम्ही टाळ्याच पिटल्या!

स्क्रीनवर काय? काळा पडदा आणि चार-पाच चिन्हं. बस.

आमच्यात वयाने सगळ्यात मोठे, स्टोअरचे गजाननभाऊ. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "एवढी उठाठेव याच्यासाठी? माह्या बटनाच्या फोनात बी काईच नाई!"

*

मग मीही तसली सिस्टीम बसवली. पण मला एकीवर चैन कुठलं! पहिलीत बॅटरी टिकेना, म्हणून दुसरी टाकली. दुसरीत बँकेचं ॲप रुसलं, म्हणून तिसरी. तिसरी फारच आवडली, तरी पहिलीचं नवं व्हर्जन आलं म्हणून परत तिच्यावर गेलो!

दर अदलाबदलीत फोन कोरा होतो. एकदा बॅकअप घ्यायचा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला, नुसताच नंबर. मी ऐटीत विचारलं, "कोण बोलतंय?"

पलीकडून, आमच्या गावाहून, चांदूर बाजारहून आवाज कडाडला.

"जिनं तुले पैदा केलं ते बोलून राहिली!"

पुढे कितीतरी दिवस आई मला 'साहेब' म्हणत होती.

*

गजाननभाऊंना मुलीने टचस्क्रीन फोन घेऊन दिला आणि ते स्वतःच लॅबमध्ये हजर झाले. "घरात विहिरीच्या मोटरीची गोष्ट काढली का फोनात मोटरीच्या जाहिराती सुरू! बसव बापा तुही ते सिस्टीम."

सुमेधने बसवली. आता ही सिस्टीम प्रत्येक गोष्टीला परवानगी मागते. कॅमेरा वापरू का? माइक वापरू का? फोटो पाहू का? भाऊ वैतागतील आणि फोन परत आणतील, अशी आम्ही पैज लावली. पण भाऊ खूश!

"घरात मले कोनी इचारत नाई," ते म्हणाले, "हा फोन तरी इचारून करते!"

*

आता सुमेधचं लग्न. अकोल्याची प्रज्ञा, फार्मसी कॉलेजात शिकवते. एका नातेवाइकाच्या लग्नात दोघांचं बोलणं झालं आणि आमचा गडी साफ विरघळला. लॅबमध्ये कापडाचा तुकडा ताणायला लावायचा आणि मशीन सुरू करायचंच विसरायचा! पण सोयरिकीचं बोलायला मुलीचे काका फोन करायला लागले, तर याच्या फोनने 'अनोळखी' म्हणून घंटीच वाजू दिली नाही. पोरगा फोन उचलत नाही, त्याचा कुठे फोटो नाही, नक्की काहीतरी लपवतो, अशी अकोल्यात चर्चा सुरू झाली.

सुमेधची आई रडकुंडीला आली. "तुह्या फोनापायी चांगली पोरगी हातची जाईन!"

सुमेधने प्रज्ञाच्या वडिलांना स्वतः फोन लावला, माफी मागितली आणि भेटीचा दिवस ठरवला.

*

त्या दिवशी सुमेध, त्याची आई आणि मी असे तिघं अकोल्याला निघालो. मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात शिरलो आणि सुमेधच्या फोनातल्या नकाशाने हात टेकले. त्याच्या मते आम्ही नदीच्या पाण्यात उभे होतो! नाइलाजाने एका बांगडीवाल्या मावशींना पत्ता विचारला.

मावशींनी सुमेधला खालून वर न्याहाळलं. "प्रज्ञाले पाहाले आले ना? अमरावतीचे? फोन न उचलनारा हाच काय?"

फोनला आमचा पत्ता नव्हता. जुन्या शहराला सगळा होता!

*

जय भीम झालं, पाणी झालं. प्रज्ञा वडिलांशेजारी बसली होती. वडील सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, आवाज करडा. त्यांनी सरळ हात पुढे केला. "फोनात असं काय ठेवता बाप्पा, का कोनाले दिसू देत नाई? उघडा, पाहू द्या."

सुमेध म्हणाला, "पाहा ना काका." आणि पिन टाकायला लागला.

इथे एक सांगायला हवं. या सिस्टीमला दोन पिन ठेवता येतात. एकाने फोन उघडतो. दुसरा, कोणी धाकदपटशाने फोन उघडायला लावला तर टाकायचा. तो टाकला की सगळं पुसलं जातं, कायमचं.

सुमेधची नजर प्रज्ञाकडे. त्याने दुसरा टाकला!

स्क्रीन काळी. त्याचा चेहरा पांढरा. मला क्षणात कळलं.

वडिलांनी विचारलं, "काय झालं? चार्जिंग संपली काय?"

मी सुमेधला कोपराने ढोसलं. 'हो' म्हण रे बापा, एकदा 'हो' म्हण!

"नाई काका," सुमेध म्हणाला. "चोरासाठी ठेवलेला पिन माह्या हातून टाकल्या गेला. सगळं पुसल्या गेलं. फोटो, नंबर, सगळंच. आता तुमाले दाखवाले माह्यापाशी काईच नाई."

वडिलांनी त्याच्या हातून फोन घेतला आणि काळी स्क्रीन निरखली. सुमेधच्या आईने पदर तोंडाला लावला.

प्रज्ञाने वडिलांच्या हातातला फोन घेतला आणि टेबलावर ठेवला.

"बाबा, आता लपवाले बी त्यायच्यापाशी काईच नाई राहिलं. तारीख काढा!"