आम्ही तिघं आणि लोकांच्या इमारती

इमारतीचा फोटो काढायला फक्त इमारत लागते, असं मला आधी वाटायचं. पण तिला मालक असतो, वॉचमन असतो, आणि प्रत्येकाला बोलायचं असतं! भोसरीतल्या आमच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी. मी, दिलीप आणि शिंदे तिघं कॅमेरे घेऊन निघतो. संध्याकाळी फोटो कमी, किस्सेच जास्त जमलेले असतात.

दिलीप क्वालिटी चेकिंगला आहे. करवतीच्या दात्यांसारखं छप्पर असलेली एक जुनी शेड त्याला आवडली. पण मोबाइलवर लेव्हल बघितल्याशिवाय हा बटण दाबत नाही. बऱ्याच वेळानं मालकालाच म्हणाला, "तुमची शेड थोडी आउट आहे."

मालक शांतपणे म्हणाला, "राव, तुमचा एक पाय गटाराच्या झाकणावर आहे!"

चाकणला एका कंपनीची काचेची वळणदार भिंत आहे. वॉचमन बीडकडचा. "फोटो अलाउड नाही, भाऊ." कॅमेरे बॅगेत गेले. शिफ्ट सुटल्यावर तोच आम्हाला शोधत टपरीवर आला. मुलीकडच्यांना पाठवायला त्याला फोटो हवा होता. रस्त्यावर उभा करून काढला, तर बघून नाराज!

"माझं तोंड बारीक आलं तरी चालतंय, पण कंपनी पूर्ण घ्या!"

महाळुंग्यात एका बंगल्याच्या कमानीवर सिमेंटची बैलजोडी आहे. शिंदेनं परवानगी मागितली. मालक म्हणाले, "थांबा, बैलांना हार घालतो." शिडी आली, गुलाल आला, मग सगळी भावकी कमानीखाली उभी राहिली. बंगला दिसेनासा झाला. शिंदेनं हळूच तसं सांगितलं.

"बंगला कुठं पळून जातोय व्हय? भावकी येका जागी पुन्हा गावायची न्हाई!"

भोसरीतल्या गोल लोखंडी जिन्याचा किस्सा मात्र आम्ही सहसा सांगत नाही. घर तिथल्या एका मावशींचं, वर एक भाडेकरू, आणि जिना अर्धा गल्लीत आलेला. सकाळी आम्ही वाकून, आडवं होऊन फोटो काढले. दिलीपनं तर टेप लावून जिना मोजला! मावशी दारातून नुसत्या बघत होत्या.

दुपारनंतर जिन्याची सावली भिंतीवर छान पडेल म्हणून परत गेलो, तर जिनाच गायब! तुकडे गल्लीत पडलेले, आणि शेजारचा वेल्डर गॅस कटर आवरत होता. मावशी हात जोडून पुढं आल्या.

"सायेब, जिना काढलाय बगा. आता घर पाडू नका. वरच्या खोलीच्या भाड्यावरच माजं चालतंय."

मी म्हणालो, "मावशी, आम्ही महापालिकेचे नाही. जिना आवडला म्हणून फोटो काढत होतो."

"आवडला?" मावशी मटकन ओट्यावर बसल्या.

तेवढ्यात वरचं दार उघडलं. भाडेकरू प्रेस शॉपमधला, पत्रा ठोकणाऱ्या मशीनच्या धडधडीत नाइट करून झोपलेला. त्याला कटरचा आवाज काय ऐकू येणार! झोपेतच त्यानं एक पाय बाहेर टाकला आणि घाबरून चौकट धरली.

"मावशी, जिना कुठंय?"

मावशींनी वर न बघता आमच्याकडे बोट केलं.

"ह्यांनाच इचार. ह्यांना लई आवडला व्हता!"