उसुईसानांचा सगळ्यात मोठा डबा

उसुईसान स्टेशनसमोरच्या मोठ्या दुकानात तक्रारींच्या खिडकीवर बसतात. कुणाच्या छत्रीची काडी मोडते, कुणाला मोजे घट्ट होतात. मग गिऱ्हाईक येऊन त्यांच्यावर डाफरतं आणि उसुईसान कमरेत वाकून माफी मागतात. पन्नाशीला आले, लग्न नाही. राहून गेलं, असं सांगतात आणि त्याचीही माफी मागतात.

या माणसाला यो-योचं वेड. पोरांच्या खेळण्यातल्या नव्हे, स्पर्धेतल्या यो-योचं. तो अ‍ॅल्युमिनियमचा असतो, आत बेअरिंग असतं, दोरीच्या टोकाशी गरगरत राहतो आणि नुसत्या हिसक्याने परत येत नाही. दोरीचा पेच घालून बोलवावा लागतो. आमच्या हिगाशी-ओसाकातले लेथवाले काम कमी झालं की असा एखादा यो-यो कातून बघतात आणि पहिला नग उसुईसानांकडे पाठवतात. ते तो काही दिवस वापरतात. त्यांना पसंत पडला, तर स्पर्धेतली मुलं तो डोळे मिटून विकत घेतात.

पंचाईत एवढीच, की उसुईसान कुणाला नाही म्हणत नाहीत. नग परत करताना तोंडभर कौतुक करतात आणि माफीदाखल मिठाईचा डबा ठेवतात. यो-यो जितका वाईट तितका डबा मोठा, हे आम्ही आपलं अनुभवाने शिकलो. शेजारच्या मोरिगुचींकडे हातभर लांब डबा आला, तेव्हा त्यांनी मुकाट्याने पुन्हा दाराच्या बिजागऱ्या करायला घेतल्या.

आमचे हे, तोकुजी, जन्मभर पंपाचे भाग कातत आले. पंपवाल्यांनी काम बंद केलं तेव्हा मी म्हटलं, "विका आता ते लेथ."

"एक यो-यो करून बघतो," हे म्हणाले. "उसुईसानांना नाही आवडला, तर नागाओकाला बोलावतो."

नागाओका जुनी यंत्रं उचलतो. म्हातारपणी खेळणी करायची हौस, म्हणून मी ह्यांना टोमणे मारले खरे, पण लेथ गेलं तर हा माणूस दिवसभर घरात करणार काय, ही धास्ती मलाच. हिवाळाभर हे कडेचं वजन कमी-जास्त करत बसले. जेवताना भाताच्या वाडग्याचीही कड चाचपून बघायचे.

नग उसुईसानांकडे गेला. शनिवारी दुपारी ते गल्लीतून येताना मला खिडकीतून दिसले. डबा दोन्ही हातांनी उचललेला. एवढा डबा माणूस दुसऱ्याच्या गाडीला धडक दिल्यावर नेतो.

ह्यांनीही पाहिला. तिथल्या तिथे फोन उचलला आणि नागाओकाला सोमवारी ट्रक आणायला सांगितलं. मला फार वाईट वाटलं. हेच तर मी महिनोन्‌महिने मागत होते, तरी.

उसुईसान दारात आले तसे हे म्हणाले, "तुम्ही काही बोलू नका. उगीच तुमच्या जिवाला त्रास. लेथ विकतोय मी, सांगूनही टाकलं."

उसुईसान पांढरेफटक पडले. "माझ्यामुळे?"

"छे, छे! चूक माझ्या हाताची."

"नाही हो, माझ्या हाताची!" असं म्हणून त्यांनी फरशीला कपाळच टेकवलं. समोरचा खाली वाकला म्हटल्यावर हे उभे कसे राहणार? हेही वाकले. दोन बाप्ये एकमेकांसमोर पालथे, कोण जास्त खाली जातो याची चढाओढ, आणि माझा चहा निवत चाललेला.

माझं डोकं फिरलं. पाहुण्याने आणलेलं त्याच्यासमोर उघडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. डब्याला मी हात लावला नाही, पण त्यावर ठेवलेली यो-योची पिशवी सरळ सोडली. यो-योच्या कडेला हा एवढा पोचा!

"हे काय हो?"

"पडला, वहिनी. प्लॅटफॉर्मवर." उसुईसानांनी मान वर केली नाही. "गाडीची वाट बघत खेळत होतो. गाडी आली आणि गेली. पुढचीही गेली. फिरत असताना नख टेकवलं तरी जरासुद्धा थरथर नाही. दोरी झिजलेली दिसत होती, पण बदलायला थांबवेना. शेवटी तुटली. कामावर पहिल्यांदाच उशीर झाला मला."

"म्हणजे आवडला का नाही?" आमच्यात असं तोंडावर विचारणं उद्धटपणाचं, पण विचारलं.

"वहिनी," उसुईसान कानापर्यंत लाल झाले, "परत आणायचं अगदी जिवावर आलं होतं."

हे फरशीवर बसूनच राहिले. पोच्यावरून अंगठा फिरवत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "द्या, नवा कातून देतो," एवढंच म्हणाले.

"नवा मुलांना द्या. मला हाच."

"अहो, हा आता थरथरेल."

"थरथरू दे," म्हणत उसुईसानांनी यो-यो खिशात घातला. आजवर त्यांनी कुणाचा नग ठेवून घेतलेला नाही.

राहता राहिला नागाओका. त्याला शब्द दिलेला, आणि शब्द मोडायला रिकाम्या हाताने कसं जायचं? सोमवारी सकाळी हे तोच डबा, वरचा कागदही न फोडता, उचलून घेऊन गेले. नागाओकाची बायको बाजारात भेटली की अजून मला सांगते, मिठाई फार छान होती हो.