उतारावर लावलेली गाडी

मल्हारीला एका जागी बसता येत नाही. न्हावरे फाट्यावरच्या त्याच्या गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी दोन खुर्च्या आहेत, त्याच्यासाठी एकही नाही. चहा तो उभ्याने पितो, डबा एखाद्या बॉनेटवर ठेवून खातो. वडील मेंढरांमागे हिंडले, आपण वायरींमागे हिंडतो, एवढाच फरक, असं तो स्वतःच सांगतो. साखर कारखान्याला ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरांवर तो काम शिकला. आज बावन्न वर्षांचा आहे, आणि वायरिंगमधला बिघाड सापडत नाही म्हणून गाडी परत पाठवल्याचं त्याला आठवत नाही.

हौसरावांची गाडी मात्र चार महिन्यांत तीनदा येऊन गेली. २००३ सालची, पांढरी, पेट्रोलवरची. तक्रार एकच. कधी पहिल्या चावीला सुरू होते, कधी नुसती ‘टक्’ करून गप्प बसते. पहिल्यांदा मल्हारीने बॅटरीची टोकं घासून दिली. दुसऱ्यांदा स्टार्टर उतरवून त्याचे कार्बन बदलले. तिसऱ्यांदा चावीचा स्विच नवा टाकला. दरवेळी दुकानाच्या सपाट कोब्यावर गाडी वीस-वीस वेळा सुरू झाली, दरवेळी तो ‘ओके’ म्हणाला, आणि आठ दिवसांत फोन आला.

या गाडीतून हौसराव बायकोला दौंडला नेतात. तुळजाबाईंचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. मागच्या शुक्रवारी वस्तीवरच गाडीने ‘टक्’ केलं. एरवी उतारावरून सोडून गियरमध्ये सुरू करता आली असती, पण पुढे उसाची ट्रॉली उभी होती. ती हलेपर्यंत दोन तास गेले. हॉस्पिटलात पोचले तर मशीन दुसऱ्या पेशंटला दिलेलं. तुळजाबाई संध्याकाळपर्यंत बाकावर धापा टाकत बसल्या. रांजणगावला कंपनीत असलेल्या मुलाने, सत्यजीतने, दुसऱ्याच दिवशी हॉस्पिटलजवळ एक खोली बघितली. आईने तिथे राहावं, सोबतीला बाई ठेवू. घर सोडून त्या खोलीत एकटं पडून राहायचं तुळजाबाईंच्या जिवावर आलं होतं. शेवटी एवढं ठरलं, की मंगळवारी गाडी अडून पुन्हा असा खोळंबा झाला तर त्याच दिवशी सामान हलवायचं.

म्हणून मंगळवारी मल्हारीने दुकान बंद ठेवलं आणि स्वतःच गाडीबरोबर निघाला.

“तुझ्यासमोर गुणाची आन् माझ्यासमोर द्वाड,” हौसराव गाडी चालवता चालवता म्हणाले.

“नव्या सुनेवानी करती,” मागून तुळजाबाई म्हणाल्या. “पावणं आलं की शहाणी.”

मल्हारी हसला नाही. तो इंजिनाच्या आवाजाकडे कान देऊन बसला होता आणि त्याचा गुडघा सारखा हलत होता.

नऊ वाजता तुळजाबाई आत गेल्या. फाटकाजवळ लिंबाखाली सपाट जागा होती, मल्हारीने गाडी तिथेच लावायला लावली. मशीनवर चार तास. दर अर्ध्या तासाने तो चावी फिरवायचा. गाडी सुरू व्हायची. तो बंद करायचा, बॉनेटवर हात ठेवून बघायचा, फाटकापर्यंत जायचा, परत यायचा. उन्हात तापवून पाहिली, ओला फडका टाकून निववून पाहिली. वायरी हलवल्या. सुरूच.

“आरं, बस की जरा. तुझ्याकडं बघून मलाच घेरी येती,” हौसराव म्हणाले.

“बसून काय करू आप्पा? अडू द्या हिला एकदा.”

साडेबारापर्यंत गाडी सात वेळा सुरू झाली होती. आता तुळजाबाई बाहेर येतील, गाडी घरापर्यंत नीट जाईल, आणि पुढच्या एखाद्या शुक्रवारी पुन्हा अडेल. मल्हारीला ते दिसत होतं. काहीच न बिघडणं त्याच्या उपयोगाचं नव्हतं.

तेवढ्यात वॉचमन आला. पाण्याचा टँकर येतोय, गाडी हलवा. मल्हारी चहाच्या टपरीवर होता, हौसरावांनी गाडी मागच्या रस्त्यावर नेली. तो रस्ता चढत जाऊन पुलाला मिळतो. त्यांनी वरून वळवून आणली, तोंड खाली करून लावली आणि चाकाखाली दगड दिला. मल्हारी आला, आत बसला, चावी फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. टक्. दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत.

त्याला बरं वाटलं. दुखणं पहिल्यांदाच त्याच्यासमोर आलं होतं. “आप्पा, चावी मारा. मारतच ऱ्हावा,” म्हणून त्याने बॉनेट उघडलं आणि मीटर काढला. चावी फिरली तरी बॅटरीचा आकडा साडेबारा व्होल्टच्या खाली येईना. म्हणजे स्टार्टर करंट ओढतच नव्हता. मग त्याने मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिनाच्या अंगावर धरली. तिथे आकडा शून्याजवळ राहायला हवा. नऊ आला.

त्याने जाड केबल काढली, एक टोक निगेटिव्हला, दुसरं इंजिनाला लावलं. गाडी चटकन सुरू झाली.

तो रस्त्यावर उताणा पडून खाली सरकला. बॉडी आणि इंजिन जोडणारी अर्थिंगची पट्टी असते, बारीक तारांची विणलेली. तिच्या बहुतेक तारा तुटल्या होत्या. शेजारचं रबर, ज्यावर इंजिन बसतं, ते फाटलं होतं. गाडी सपाटीवर असली की इंजिन जागेवर बसायचं आणि तारा एकमेकींना टेकायच्या. गाडीचं नाक खाली गेलं की इंजिन बोटभर पुढे झुकायचं आणि पट्टी ताणायची. दिव्यांचं नुसत्या बॉडीवर भागतं. स्टार्टरला अख्खी पट्टी लागते.

“उतारावर कवापासनं लावताय?” त्याने खालूनच विचारलं.

“कवापासनं म्हंजी? पयल्या खेपेला तूच म्हणला व्हतास. अडली तर सोडून देता यील, उतारावरच लावत जावा.”

मल्हारी पट्टीचे बोल्ट सोडवू लागला. न्हावऱ्यात, शिरुरात, सगळीकडे तो हेच सांगत आला होता. सगळेच वायरिंगवाले सांगतात. दर मुक्कामाला पट्टी ताणत होती, चार-दोन तारा तुटत होत्या, आणि गाडी जास्त अडायला लागली तसे हौसराव जास्तच नेमाने उतार शोधत होते.

बाजारातून त्याने हातभर लांब नवी पट्टी आणली, बसवताना बोल्टखालचा रंग खरवडला. रबर मिळालं नाही. तो हात पुसत होता तेव्हा तुळजाबाई भिंत धरत बाहेर आल्या. डाव्या हाताला सुईच्या जागी बँडेज होतं.

“घावलं का?”

“घावलं काकी. चूक माझीच व्हती. उतारावर लावा म्हणून मीच सांगितलं, तिथंच ती तुटत गेली.”

“चार महिने?”

“व्हय. रबर अजून बदलायचंय. परवा बसवतो. तवर सपाटीला लावा.”

“आता ओके म्हण की.”

“ते तीनदा म्हणून झालं.”

तुळजाबाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. मग नवऱ्याला म्हणाल्या, “उतरा तुमी.” त्या कष्टाने ड्रायव्हरच्या जागेवर बसल्या. तिथे त्या कधी बसल्या नव्हत्या. गाडी अजून उतारावरच होती, दगड चाकाखालीच होता. मल्हारीने खिडकीतून हात घालून गियर काढला आणि हँडब्रेक ओढला. तुळजाबाईंनी उजव्या हाताने चावी फिरवली. गाडी सुरू झाली. त्यांनी बंद केली, पुन्हा फिरवली. सुरू झाली. पुन्हा.

“बास की, बॅटरी उतरंल,” हौसराव म्हणाले.

“करू द्या आप्पा,” मल्हारी म्हणाला.

दहा वेळा झाल्यावर त्यांनी गाडी चालू ठेवली, फोन काढला आणि सत्यजीतला म्हणाल्या, “त्या खोलीवाल्याला न्हाई म्हणून सांग. मी घरनं यीत जाईन.” तो काहीतरी बोलत होता, ते त्यांनी ऐकून घेतलं. “गाडी अडली तर बघू की. अडायच्या आधीच कशाला जाऊन बसू?”