इसिदोरबाबापुढचं बियाणं

"ग्रेसी, डबा घेतलास का?" मी दारात चपला घालत होते तेव्हा आईनं स्वयंपाकघरातून विचारलं.

ग्रेसी माझी मोठी बहीण. घर सोडून सिस्टर व्हायला गेली त्याला सात वर्षं झाली. मी अनू.

"घेतला," मी म्हणाले. "आणि मी अनू."

"तेच गं."

इंदिरानगरच्या आमच्या घरात हे रोज होतं, कधी दिवसातून दोनदा. मी रोज दुरुस्त करते आणि आई रोज 'तेच गं' म्हणते.

यंदा पावसाळा संपला की ताई आजन्म व्रतं घेणार आहे. तोवर परत यायची वाट उघडी असते. पुढेही ती अगदी बंद होत नाही म्हणतात, पण आमच्या ओळखीत कुणी आलेलं नाही. आईच्या गुडघ्यांना घाट झेपत नाही, म्हणून तिनं मला पाठवलं. "ती सुखी आहे का, एवढं बघून ये. फोनवर ती सगळं छानच सांगते. नसेल सुखी, तर मी कशीही येईन आणि तिला घेऊन जाईन."

ताई सुखी नसावी, असं मला वाटत होतं. लिहायला बरं दिसत नाही, पण खरं आहे. ती घरी यावी म्हणून नव्हे. तिच्या फोटोपुढे आई रोज मेणबत्ती लावते आणि त्या फोटोखाली बसून मी आईच्या गुडघ्यांना तेल चोळते, म्हणून.

लहानपणी आम्ही संतांचे खेळ खेळायचो. शाळेच्या लायब्ररीतून इंग्रजी चित्रांची संतचरित्रं आणायची आणि एकेक प्रसंग करायचा. ताई नेहमी हुतात्मा कुमारिका असे. मी सिंह. "तुला रडता येत नाही नीट," असं ती कारण द्यायची. एकदा मी सिंह असताना तिला खरंच चावले होते.

जुन्या सीबीएस बसस्थानकावरून हरसूलची एसटी मिळाली. खिडकीची जागा होती, म्हणून मला कुणाशी बोलावं लागलं नाही. त्र्यंबकला निम्मी गाडी रिकामी झाली आणि त्यानंतर रस्ता डोंगरात शिरला. मे महिन्यातले डोंगर उघडेबोडके दिसतात. उतारांवर मध्येच काळे चौकोन होते. शेजारी येऊन बसलेल्या बाईंना विचारायचं धाडस करायला मला दोन गावं लागली.

"राब भाजलाय," त्या म्हणाल्या. (पालापाचोळा जाळून रोपांसाठी जमीन तयार करतात, तो राब.) "तू कुणाकडं चालली?"

"बहिणीकडे. सिस्टर आहे ती."

"ग्रेसी शिष्टर?" त्या पूर्ण वळल्या. "तू सख्खी बहीण? तोंडावरनं नाय वाटत."

त्यांनी पदराखालून पानाचा द्रोण काढला आणि माझ्या हातात करवंदं ओतली. ताईच्या नावानं मिळालेली ती करवंदं मी खाल्ली. गोड होती.

हरसूलला बाजाराचा दिवस होता. सुकटीचा वास, विळ्या-कोयत्यांचे ढीग, ताडपत्रीखाली मिरच्या. गर्दीत ताई लांबूनच दिसली, फिकट निळ्या साडीत, उन्हानं रापलेली. तिला माझ्यापर्यंत यायला पाव तास लागला, कारण दर चार पावलांवर कुणीतरी तिला थांबवत होतं. कुणाच्या पोराचा दाखला, कुणाच्या सासूचा ताप. मी बॅग दोन्ही हातांत धरून उभी होते. शेवटी आली, तिनं मला मिठी मारली आणि म्हणाली, "बारीक झालीस." मी झाले नव्हते.

जीपमध्ये आम्ही तेराजण होतो. ताईचा पाडा (डोंगरातली वस्ती) तिथून तासाभरावर. पंचवीसेक घरं, एक विहीर आणि पत्र्याच्या छपराचं छोटं देऊळ. देऊळ हा त्यांचाच शब्द. आत वेदीशेजारी संत इसिदोरचा हातभर उंचीचा पुतळा होता. हा शेतकऱ्यांचा संत. पुतळा घडवणाऱ्यानं त्याला परदेशी कोट चढवला होता आणि पाड्यातल्या कुणीतरी त्यावर पांढरं मुंडासं बांधलं होतं. त्याच्या सणाला इथं प्रत्येक घर पेरणीचं बियाणं टोपलीत घालून आणतं. मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) त्यावर आशीर्वाद मागतात आणि मगच ते राबात पडतं. सण दुसऱ्या दिवशी होता.

दुपारी ताईनं नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी वाढली. (नागली म्हणजे नाचणी, खुरासणी म्हणजे कारळे.) तिच्या खोलीत एक खाट, एक खुर्ची आणि खिळ्याला अडकवलेली दुसरी साडी. मी सगळं नीट पाहून ठेवत होते. टाचांना भेगा. पाणी विहिरीवरून. आरसा नाही. आईला सांगायला बरंच जमत होतं.

ताई माझ्याकडे पाठ करून भांडी घासत होती. "अनू, आई अजून चुकून तुला माझ्या नावानं हाक मारते का गं?"

सकाळचा डबा अजून माझ्या बॅगेत होता.

"नाही," मी म्हणाले. "आता नाही मारत."

तिचा हात क्षणभर थांबला. "बरं झालं. तुला किती राग यायचा."

"हो."

त्यानंतर तिनं तीच ताटली पुन्हा घासायला घेतली.

संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर बायामाणसं जमली. सणाआधी नऊ संध्याकाळ प्रार्थना असते, ती नववी होती. जपमाळ झाल्यावर ताईनं इसिदोरची गोष्ट सांगितली. बहुतेकांना ती पाठ असावी, कारण पुढच्या वाक्याचे शब्द आधीच ऐकू यायचे.

इसिदोर हा स्पेनमधला शेतमजूर. पहाटे आधी मिस्सेला जायचा आणि मग शेतावर. बरोबरच्या मजुरांनी मालकाला सांगितलं, हा उशिरा येतो. मालक बांधाआड लपून बघायला आला. बघतो तर इसिदोर गुडघ्यांवर प्रार्थना करतोय, आणि त्याच्या औतामागे देवदूत चालतायत, पांढऱ्याशुभ्र बैलांची जोडी घेऊन.

"शिष्टर," पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली. तिचं नाव बुधीबाई. दात दोनच, पण आवाज खणखणीत. "ज्यांनी चुगली केली, त्यांचं पुढं काय झालं?"

"ते पुस्तकात नाही, बुधीबाई."

"दरसाल नसतंय. म्हंजी त्यांचं त्यांनीच नांगरलं?"

"हो, असंच असणार."

"उन्हातान्हात? दिसभर?"

"दिवसभर."

"देवदूत एकाच औताला आला. मग ते जळतील नाय तर काय करतील?"

सगळे हसले. ताईही हसली. बुधीबाईशेजारी बसलेली तिची जाऊ सोनीबाई म्हणाली, "हिला चांगलं म्हाईत जळणं. माझी नागली आधी पिकती ना, तवा ही बांधावर येऊन उभी ऱ्हाती. नुसती बघती."

"बघू नको तर काय डोळं झाकू?" बुधीबाई म्हणाली, आणि पुन्हा हशा झाला.

मला हसू आलं नाही. बांधाआडून बघायला मीही आले होते. आणि आमच्या घरचं औत सात वर्षं कोण ओढतंय, हे कुठल्याच फोटोखाली लिहिलेलं नव्हतं.

सणाच्या दिवशी मी उजाडताच उठले. ताई खोलीत नव्हती. देवळाचं दार अर्धं उघडं होतं. आत ती इसिदोरपुढे गुडघ्यांवर बसली होती, चेहरा ओंजळीत आणि खांदे हलत होते. ती रडत होती.

पहिल्यांदा माझ्या मनात आलं ते एवढंच: सापडली. आईला सांगायचं वाक्यसुद्धा तयार झालं. 'मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.' त्यात खोटं काहीच नसतं. मग कालची ताटली आठवली, दोनदा घासलेली. मी आवाज न करता परत फिरले.

आठ वाजता टोपल्या यायला लागल्या. भात, नागली, वरई, उडीद. कुणी फडकं बांधलेलं, कुणी वर पळसाचं पान ठेवलेलं. फादर बाहेर जीपमधून उतरत होते आणि वेदीपुढे पाय ठेवायला जागा नव्हती. ताई बायकांशी बोलत होती. मला काहीतरी करायचं होतं, तिच्या आधी, तिनं न सांगता. पहिल्या रांगेत दोन टोपल्या शेजारी होत्या, दोन्ही अर्ध्याच भरलेल्या, दोन्हींत नागली. तेच तांबडे बारीक दाणे. मी एक टोपली दुसरीत ओतली, हातानं सारखी केली आणि रिकामी टोपली कोपऱ्यात ठेवली. चांगली हातभर जागा झाली.

मागून कुणीतरी 'अगंऽ' केलं. सोनीबाई होती. तिच्यामागे बुधीबाई. दोघी टोपलीकडे बघत राहिल्या.

"माझी हळवी," सोनीबाई हळू म्हणाली.

"न् माझी गरवी," बुधीबाई म्हणाली.

मला कळेना. तेवढ्यात ताई आली आणि तिनं एका नजरेत ओळखलं.

"अनू, काय केलंस तू हे? एक लवकर पिकणारी नागली आहे आणि एक उशिरा. वर्षाचं बियाणं आहे त्यांचं. आता हे दाणे वेगळे कोण करणार? विचारायचं नाही, सांगायचं नाही, मध्येच हात घालायचा. नेहमीचंच तुझं. लहानपणापासून हेच."

ती ओरडत होती, अगदी मोठ्यानं. देवळात, दारात आलेल्या फादरांपुढे, आजन्म व्रतं घ्यायला निघालेली सिस्टर. तिच्या कपाळाची ती शीर तट्ट फुगली होती, मी तिला चावले तेव्हा फुगली होती तशी. मला शरमेनं मेल्यासारखं झालं होतं, आणि त्याच वेळी आत कुठंतरी फार बरं वाटत होतं. सात वर्षं ती माझ्याशी फोनवर फक्त गोड बोलली होती.

बुधीबाईनं टोपलीत हात घातला आणि मूठभर दाणे बोटांमधून सोडले.

"ओरडू नको गं शिष्टर पोरीला. अर्धं अर्धं घेऊ. आधी पिकंल ते कणीस आधी खुडू, मागून पिकंल ते मागून. दोन खेपा जातील, दुसरं काय?" मग जावेकडे वळून म्हणाली, "औंदा बांधावर उभी नाय राह्यची मी. तुझ्याबरोबर माझंबी निम्मं पिकंल."

"न् माझं निम्मं तुझ्यावाणी रखडंल," सोनीबाई म्हणाली. पण तिनं टोपलीची एक बाजू धरली होती.

फादरांनी सगळ्या बियाण्यांवर पवित्र पाणी शिंपडलं, त्या टोपलीवरही. मिस्सेनंतर दोघींनी ओट्यावर बसून शेराच्या मापानं वाटणी केली आणि प्रत्येक मापाला भांडल्या.

दुपारच्या जीपला ताई मला सोडायला आली. जीप भरेपर्यंत चिंचेखाली उभ्या राहिलो.

"मी फार बोलले," ती म्हणाली.

"चुकलंच होतं माझं."

"तरी."

जीपवाल्यानं हॉर्न दिला. आत्ता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही, हे मला कळत होतं. माझ्या जिभेला असल्या गोष्टींची सवय नाही.

"ताई, आई रोज मारते," मी म्हणाले. "तुझ्या नावानं हाक. काल निघतानासुद्धा मारली. मी खोटं सांगितलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता पुन्हा शीर फुगेल. तिनं साडीच्या पदरानं नाक पुसलं, सिस्टर लोक पुसत नसावेत तसं.

"रोज?"

"दोनदा."

"न् तू काय म्हणतेस?"

"मी अनू."

ती हसायला लागली. हसता हसता डोळे भरले, पण पहाटेचं रडणं हे नव्हतं. "व्रतं घ्यायची तर घरच्यांनी आपल्याला विसरायलाही हवं, असं काल रात्री मी स्वतःला समजावत होते," ती म्हणाली. "जमत नव्हतं." मग तिनं पिशवीतून कागदाची पुडी काढून माझ्या मुठीत कोंबली. "बुधीबाईनं दिलंय. तुझ्या मिसळलेल्यातलं. जा आता."

घाट उतरताना मी पुडी उघडून पाहिली. दाणे सगळे सारखेच दिसत होते. कुठला आधीचा आणि कुठला नंतरचा, ते मातीत गेल्याशिवाय कळणार नव्हतं. ताईचा हेवा मला अजूनही वाटत होता. बाजारात तिला दर चार पावलांवर थांबवणाऱ्या माणसांचा वाटत होता, पाड्याचाही. एका सणानं तो जाईल इतका लहान नव्हता. फक्त आता त्याला लपायला बांध उरला नव्हता.

घरी पोहोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. आई दारातच खुर्ची टाकून बसली होती.

"सुखी आहे का?"

भेगा, विहीर, आरसा, पहाटेचे खांदे, सगळं माझ्याजवळ तयार होतं.

"माझ्यावर ओरडली ती," मी म्हणाले. "सगळ्यांसमोर."

आईनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "ओरडली? कशी?"

"पूर्वीसारखी. ती शीर फुगवून."

"शीर फुगली?" आईनं मला पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. सोनीबाई काय म्हणाली, बुधीबाई काय म्हणाली. शिरेपाशी तिनं परत थांबवलं. मग खुर्चीला धरून ती उठली. "राहू दे तिला तिथंच," शेवटी म्हणाली. "रमलीय."

मी आत जाऊन बॅग ठेवली. गॅलरीतल्या तुळशीशेजारी एक कुंडी रिकामी आहे, तिच्यात पाऊस लागला की ते दाणे टाकायचे असं ठरवलं. स्वयंपाकघरात भांडं वाजलं.

"ग्रेसी, आधी हातपाय धू, मग चहा घे."

नेहमीचे दोन शब्द तोंडात आले होते.

"धुते," मी म्हणाले.